एका झाकणासाठी पंचवीस अंगठे

चेंबरचं झाकण चोरीला गेलं, तेव्हा मला सोसायटीचा सेक्रेटरी होऊन बरोबर अकरा दिवस झाले होते. सेक्रेटरी मी आपणहून झालो नव्हतो. ज्या सभेत निवड झाली त्या सभेला मी गैरहजर होतो, आणि आमच्या सोसायटीत गैरहजर माणसाची निवड नेहमी एकमताने होते. साताऱ्याकडच्या एका लग्नाला गेलो होतो. परत आलो तर मालतीबाईंनी जिन्यातच माझ्या हातात किल्ल्यांचा जुडगा ठेवला आणि म्हणाल्या, "अभिनंदन हं, घोरपडे."

उलव्यातली आमची सोसायटी अठ्ठावीस बिऱ्हाडांची. गेटातून बाहेर पडलं की डाव्या हाताला फुटपाथ आणि त्यावर दहा-बारा हातांवर हे गटाराचं चेंबर. त्याला लोखंडी झाकण होतं. सोमवारी संध्याकाळी होतं, मंगळवारी सकाळी नव्हतं. तिथे आता अडीच फूट रुंद, चौकोनी, काळाकुट्ट खड्डा होता आणि त्याच्याभोवती उभे राहून आमचे सभासद आत वाकून बघत होते. विहिरीत पडलेल्या बादलीकडे बघतात तसे.

"सेक्रेटरी काय करतायत?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

सेक्रेटरी दात घासत होते. पण तो प्रश्न मला लागला. रबाळ्याच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं डिस्पॅच खात्यात काढली. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं एकही खोकं माझ्या नावावर नाही. असला माणूस एक झाकण आणू शकत नाही म्हणजे काय? मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. तीन प्रती, सोबत हाताने काढलेला नकाशा, त्यावर उत्तर दिशेचा बाण. आणि नोडच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, कार्यालयात गेलो.

तिथल्या लिपिकाने अर्ज शेवटपर्यंत वाचला. हे मी कृतज्ञतेने नमूद करतो, कारण माझं लिखाण शेवटपर्यंत वाचणारी माणसं थोडी. वाचून तो म्हणाला, "काका, अक्षर फार सुंदर आहे. पण कागद आता घेत नाही. 'नगरहाक' म्हणून अ‍ॅप आहे. त्याच्यावर टाका." आणि तिन्ही प्रती घडी बिघडू न देता मला परत दिल्या.

घरी येऊन मी 'नगरहाक' उतरवून घेतलं. नाव विचारलं, दिलं. जन्मतारीख विचारली आणि एक कॅलेंडर उघडलं. ते चालू महिन्याचं होतं. माझा जन्म सहासष्ट सालचा. मी डावीकडचा बाण दाबायला सुरुवात केली. एक दाब, एक महिना. दाबत दाबत एक्याण्णवपर्यंत पोचलो, म्हणजे माझ्या लग्नाच्या वर्षापर्यंत, तेव्हा मंजुषा चहा घेऊन आली. मंजुषा म्हणजे माझी बायको.

"अहो, वरच्या सालावर बोट दाबा ना. सालं एकदम येतात," ती म्हणाली.

दाबलं. आली. मी चहा प्यालो.

मग तक्रारीचा प्रकार निवडायचा होता. यादी होती: गटार तुंबणे, गटार वाहणे, गटाराची दुर्गंधी. आमचं गटार बिचारं तुंबत नव्हतं, वाहत नव्हतं आणि दुर्गंधीही बेताची होती. 'झाकण नसणे' हा प्रकार कुठेच नव्हता. सगळ्यात खाली 'इतर' होतं. मी ते निवडलं आणि माहिती अतिशय मुद्देसूद लिहिली.

चौथ्या दिवशी दोन माणसं करवत घेऊन आली. त्यांनी चेंबरवरच्या बदामाच्या झाडाची फांदी कापली, पाला गोळा केला आणि गेली. 'इतर' म्हणजे उद्यान विभाग, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी मोबाइलवर संदेश आला: "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कृपया तारे देऊन सेवेचं मूल्यमापन करावं." फांदी गेल्यामुळे खड्डा मात्र आता स्वच्छ उजेडात दिसत होता, तेवढ्यासाठी मी एक तारा दिला.

मंजुषा म्हणाली, "आता फोटो टाका. फोटोत खड्डा बघितल्यावर झाड कोण कापेल?"

तिचं बरोबर होतं. फोटो जागेवर उभं राहूनच काढायचा होता, म्हणजे ठिकाण आपोआप नोंदलं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी खड्ड्यापाशी उभा राहिलो. अ‍ॅपने नकाशा उघडला आणि त्यावर माझं ठिकाण दाखवलं, तर मी खाडीत होतो. चांगला किनाऱ्यापासून आत. मी दोन पावलं पुढे सरकलो. नकाशावरचा ठिपका किनाऱ्याच्या जवळ आला. उत्साह वाढला. आणखी एक पाऊल उजवीकडे सरकलो, ठिपका खारफुटीत आला. मग नजर नकाशावर ठेवूनच एक पाऊल मागे घेतलं.

उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला.

अशा वेळी माणूस काय वाचवतो यावरून त्याची पारख होते म्हणतात. मी मोबाइल वाचवला. हात उंच केला, अंगठा कुठेतरी दाबला गेला, खट्ट आवाज झाला, घाबरून पुन्हा दाबला, तर "फोटो पाठवला आहे" असं अक्षरांत आलं. डावा पाय फुटपाथवर, उजवा गटारात आणि मधला मी, सोसायटीचा सेक्रेटरी, स्वतःच्याच गेटासमोर. हाक मारावी तर सभासद येतील. न मारावी तर पाय येत नाही.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. तुळशीरामबाबा होते. गावठाणातले जुने रहिवासी, वय अठ्ठ्याहत्तरच्या पुढे, आयुष्य होडीवर गेलेलं, आणि काचबिंदूने दोन्ही डोळे जवळजवळ गेलेले. त्यांची बायको मैनामावशी आमच्या गेटाशी मासळी घेऊन बसते. ती पहाटे पाटी घेऊन रिक्षाने येते आणि बाबा मागाहून सावकाश चालत येऊन तिच्या बाजूला बसतात. मला या खड्ड्याची जी धास्ती होती ती खरं तर त्यांच्यासाठी. अर्जात मी तसं लिहिलंही होतं, 'दृष्टिहीन ज्येष्ठ नागरिकांच्या जीवितास धोका'.

काठी माझ्या खांद्याला टेकली.

"कोन हाय?"

"मी घोरपडे. सेक्रेटरी."

"सेक्रेटरी गटारान काय करतो?"

"फोटो काढतोय."

"आतला?"

बाबांनी काठी बाजूला ठेवली, चाचपत माझ्या दोन्ही काखांत हात घातले आणि एका हिसक्यात मला वर घेतलं. चाळीस वर्षं जाळं ओढलेले हात होते ते. मी सत्त्याऐंशी किलोचा आहे, पण त्यांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही.

"मना दिसत नाय म्हनून मी काठी टेकवून पाय टाकतो," ते म्हणाले. "तुमाला दिसतंय ना, म्हनून पडलाव."

माझी चप्पल गटारातच राहिली. त्या दिवशी दुपारी अ‍ॅपचा संदेश आला. मी पाठवलेल्या फोटोत आकाश होतं आणि खालच्या कोपऱ्यात मी, तोंड वासलेला. संदेश असा होता: "आपण पाठवलेल्या छायाचित्रात कोणताही दोष आढळून आला नाही. तक्रार बंद करण्यात येत आहे."

मंजुषाने तो फोटो बराच वेळ पाहिला. म्हणाली, "त्यांनी नीट बघितलं नसेल."

झाकण बसेपर्यंत लोकांना धोका कळावा म्हणून मी गच्चीवरची एक तुटकी प्लास्टिकची खुर्ची आणून खड्ड्यात उभी केली. खुर्ची बघून मालतीबाईंनी फुटकी बादली आणली आणि तिच्यावर लाल फडकं बांधलं. मग प्रत्येकाचं सामाजिक भान जागं झालं. कोणी मोडका स्टूल, कोणी गेल्या वर्षीच्या मखराचा थर्माकोल, कोणी न चालणारा टेबल फॅन आणून ठेवला. चार दिवसांत खड्डा दिसेनासा झाला आणि फुटपाथभर अडगळ पसरली. लोकांनी घरं साफ करून घेतली असं मंजुषाचं म्हणणं. मला मात्र सोसायटी पहिल्यांदाच एकजुटीने काही करते आहे असं वाटून बरं वाटत होतं. हे बरं वाटणं पुढे मला फार महागात पडणार होतं.

मी पुन्हा कार्यालयात गेलो. त्याच लिपिकाने मला ओळखलं, पाणी दिलं आणि माझ्या मोबाइलवर माझी तक्रार तिसऱ्यांदा स्वतः नोंदवून दिली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, एक युक्ती सांगतो. तक्रारीखाली हा अंगठा आहे बघा. आजूबाजूच्या लोकांनी हा अंगठा दाबला की सहमती मिळते. पंचवीस वेगवेगळ्या नंबरांवरून सहमती आली की तक्रार तातडीची होते. मग अठ्ठेचाळीस तासांत काम करावंच लागतं. तुमचा स्वतःचा धरत नाहीत."

अठ्ठावीस बिऱ्हाडं. घरटी तीन मोबाइल. पंचवीस अंगठे म्हणजे संध्याकाळचा खेळ, असं मला वाटलं. मी हिरव्या कव्हरची वही घेतली आणि तळमजल्यापासून सुरुवात केली.

मालतीबाईंनी दार अर्धंच उघडलं. "अ‍ॅप? ओटीपी येतो का त्याच्यात?"

"एकदाच येतो."

"माझ्या नणंदेलाही एकदाच आला होता," त्या म्हणाल्या आणि दार लावलं. आतून साखळी घातल्याचा आवाज आला. पंधरा वर्षांचा शेजार आमचा.

पहिल्या मजल्यावर भैरूअण्णा. वाशीच्या बाजारात माथाडी म्हणून उभा जन्म गेला, आता पोरांकडे सुखाने असतात. त्यांनी मला बसवलं, गूळ-शेंगदाणे पुढे केले, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी त्या सरकारला कळणार, की म्या कुठं ऱ्हातो?"

"ठिकाण कळतं, अण्णा. त्याशिवाय सहमती होत नाही."

अण्णांनी बाल्कनीकडे पाहिलं. मीही पाहिलं. बाल्कनी तिथे नव्हती. तिथे भिंत, खिडकी, पलंग आणि पलंगावर नातू होता. बाल्कनी आत घेतली होती.

"रणजीतराव," ते मला म्हणाले, "शेंगदाणं खा."

दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांच्या मोबाइलमध्ये जागा नव्हती, कारण त्यात सुप्रभातची अकरा हजार चित्रं होती आणि त्यांतली कुठली पुसावीत यावर घरात एकमत होईना. समोरच्यांना वाटलं, रस्त्यावर गटार उघडं असल्याची सरकारी नोंद झाली तर फ्लॅटचा भाव उतरेल. एकांनी विचारलं, "यात आपला काय फायदा?" मी म्हटलं, "आपण गटारात पडणार नाही." ते म्हणाले, "मी त्या बाजूने जातच नाही." तिसऱ्या मजल्यावर संघप्रिया राहते, इस्पितळात परिचारिका आहे. ती कामावर निघाली होती. तिने चपला घालता घालता एका मिनिटात अ‍ॅप घेतलं, अंगठा दाबला आणि "झालं काका, अजून काही?" असं विचारून जिना उतरली. मला तिच्या पाठीला नमस्कार करावासा वाटला.

दोन संध्याकाळी खर्ची पडल्या. वहीत दोन नावं होती, त्यातलं एक मंजुषा.

माझं निदान असं होतं, की लोकांना माहिती नाही. माहिती दिली की पटेल. म्हणून रविवारी मी सभा बोलावली, बटाटेवडे आणि चहासह. 'नागरिकांचा सहभाग आणि मोबाइल' या विषयावर मी बत्तीस मिनिटं बोललो. एकोणीस जण आले, साठ वडे गेले आणि चार अ‍ॅप उतरवली गेली. त्यातलं एक त्याच दुपारी पुसलं गेलं, कारण ऐन डुलकीच्या वेळी त्यातून घंटी वाजली आणि "आपला परिसर स्वच्छ ठेवा" असा संदेश आला. ते गृहस्थ मला म्हणाले, "मला वाटलं बायको बोलतेय."

म्हणजे पाच. हे असंच चाललं असतं, आणि मी वहीत पाच नावं घेऊन सेक्रेटरीपदावरून निवृत्त झालो असतो. पण बुधवारी सकाळी जे झालं ते सांगायला मला आजही जड जातं.

तुळशीरामबाबा रोजच्यासारखे येत होते. त्यांच्या डोक्यात रस्त्याचा पक्का हिशेब होता. कुठल्या पावलाला फुटपाथ चढायचा, कुठे काठी लांब टाकायची, कुठे वळायचं. उघड्या खड्ड्याचाही हिशेब त्यांनी पहिल्याच दिवशी बसवला होता. पण खड्ड्याच्या अलीकडे चार हात पसरलेल्या आमच्या अडगळीचा नव्हता, कारण ती रोज वाढत होती. काठी खुर्चीच्या पायात अडकली, ते सावरायला गेले ते स्टुलावर, आणि स्टुलासकट खाली आले.

मी गॅलरीतून पाहिलं. कसा उतरलो ते आठवत नाही. तोवर भैरूअण्णा बनियनवरच धावत पोचले होते. त्यांनी बाबांना उचललं, जन्मभर मालाची पोती उचलली पण इतक्या अलगद एकही उचललं नसेल. संघप्रिया नुकतीच कामावरून आली होती. तिने मनगट बघितलं, घडी केलेल्या वर्तमानपत्राचा आधार देऊन ओढणीने बांधलं. "मोडलंय. पण हाड जागेवर आहे," ती म्हणाली. मैनामावशी पाटी तशीच टाकून आली. ती बाबांच्या कपाळावरची माती पदराने पुसत राहिली.

मी म्हणालो, "मावशी, खुर्ची मी ठेवली होती."

तिने माझ्याकडे पाहिलं. "चांगल्यासाटीच ठेवली व्हती ना?" एवढंच म्हणाली आणि रिक्षात बसली.

शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या दिवशी मी एकट्याने ती सगळी अडगळ उचलली. दोन फेऱ्यांनंतर बघतो तर अण्णा एका बाजूने स्टूल उचलत होते आणि मालतीबाई बादली घेऊन चालल्या होत्या. खड्ड्याभोवती चार बांबू रोवून दोरी बांधली आणि सोसायटीचा वॉचमन तिथे बसवला.

दोन दिवसांनी मैनामावशी परत गेटाशी बसली. मी खाली उतरलो तशी तिने हाक मारली. कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. तिची लेक अलिबागकडे दिली आहे, तिचं तोंड बघायला घेतलेला मोबाइल.

"तुमचा तो याप घाला ह्याच्यान."

"मावशी, त्यात लिहावं लागतं."

"मना लिवता येत नाय. बोलता येतं का?"

मी 'नाही' म्हणणार होतो. पण तक्रारीच्या पानावर कोपऱ्यात एक बारीकसं माइकचं चित्र होतं. तीन तक्रारी नोंदवल्या तरी माझं तिकडे कधी लक्ष गेलं नव्हतं, कारण मुद्देसूद लिहिता येणारा माणूस बोलायला कशाला जाईल? मी ते दाबून मोबाइल तिच्या तोंडापाशी धरला.

"अगो बाय," मावशी सुरू झाली, अगदी समोर कोणी बसलं असावं तशी, "कोन हायस ती आयक. मी मैना, कोलंबीवाली. हितं गेटाशी गटाराचं झाकन गेलंय. माजा म्हातारा आंधला हाय. त्याचा हात मोरला. हितली मानसं चांगली हान, त्यांनी आरोशाला कुर्ची ठेवली तं तिच्यावरच परला. तू जरा मानूस पाठव नि झाकन घाल. तुजं बरं होईल." मग माझ्याकडे बघून, "झाला?"

झालं होतं. अकराच्या सुमाराला तिच्याच मोबाइलवर फोन आला. मावशीच्या हाताला माशाचं पाणी लागलेलं, म्हणून मी आवाज मोठा करून मोबाइल पाटीच्या कडेला ठेवला. पाटीभोवती तेव्हा आमच्या आणि शेजारच्या सोसायटीच्या दहा-बारा बायका, मासे घ्यायला आलेले दोन-तीन पुरुष, आणि घरी मासळी शिजत नसूनही भाव विचारायला रोज येणाऱ्या मालतीबाई होत्या.

"मैनाआजी का? मी नगरहाकमधून रुतिका बोलतेय. बाबांचा हात कसा आहे आता?"

पाटीभोवतीची घासाघीस थांबली. सरकारी फोन, आणि पहिला प्रश्न हाताचा.

"पलास्टर हाय," मावशी म्हणाली. "तू कंची गो?"

मुलगी हसली. खाडीपलीकडच्या गावची निघाली. लिहिलेल्या तक्रारी प्रकाराप्रमाणे परस्पर त्या त्या विभागाकडे जातात, पण बोललेली तक्रार कोणीतरी ऐकून, खात्री करून लिहावी लागते. ते काम हिचं. तिने माझी तक्रारही शोधून काढली. "घोरपडे काकांची आहे ना? पाच सहमती आहेत. अजून वीस झाल्या तर मी आत्ता तातडीची करते."

मालतीबाई पुढे सरकल्या. "ए बाई, तू खरीच कशावरून? ओटीपी मागशील."

"काकू, ओटीपी अ‍ॅप घेताना तुमच्या मोबाइलवर येईल, तो तुम्हीच टाकायचा. मला सांगायचा नाही. मी कधी मागितला तर फोन आपटा."

"आणि बँकेचं?"

"बँकेचं काही विचारत नाही."

मालतीबाईंनी मग नणंदेची सगळी हकिगत सांगितली. पहिल्यापासून. रुतिकाने मध्ये एकदाही तोडलं नाही, "अरेरे, मग?" असं विचारत ऐकली. हकिगत संपल्यावर मालतीबाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, "खरी आहे. चोर असती तर इतका वेळ ऐकलं नसतं." आणि स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला.

मग जे झालं ते मी नुसतं बघत होतो. माझ्या बत्तीस मिनिटांच्या भाषणाने आणि साठ वड्यांनी जे झालं नव्हतं ते एका पाटीभोवती पाऊण तासात झालं. सुप्रभातवाल्यांनी हजारभर चित्रं तिथल्या तिथे पुसली. शेजारच्या सोसायटीच्या बायकांनी घरी फोन करून नवऱ्यांना खाली बोलावलं. रुतिका मध्ये मध्ये फोन करून आकडा सांगत होती. "अकरा झाले... सतरा, काका... आजी, एकवीस." मावशी मासे कापता कापता ज्याला त्याला दटावत होती, "तुजा झाला का? मंग घे पापलेट."

चोविसावर गाडी अडली. मी वर बघितलं. पहिल्या मजल्यावर, जिथे बाल्कनी असायला हवी होती त्या खिडकीत भैरूअण्णा उभे होते. ते बराच वेळ तिथेच असावेत. ते सावकाश खाली उतरले, पाटीपाशी आले आणि मोबाइलकडे वाकून म्हणाले, "पोरी, ह्यातनं तुला घर दिसतं का आमचं?"

"नाही हो आजोबा. एक ठिपका दिसतो आणि नंबर."

अण्णांनी विचार केला. मावशीकडे बघितलं. मग एकदम म्हणाले, "दिसलं तर दिसूं दे. बाल्कनी आत घेतलीया म्या. पर त्या म्हाताऱ्याला उचलला तवा पाखरागत हलका लागला. घाल माझा अंगठा."

त्यांनी स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला आणि मी त्यावर अ‍ॅप घेऊन अंगठा दाबला. मग रुतिका म्हणाली, "आजोबा, इथे आवाज जरा तुटतोय हं. बाल्कनीचं का काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही. अंगठा तेवढा मिळाला. पंचवीस झाले."

पाटीभोवती टाळ्या पडल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण माझ्या हातात तेव्हा सात जणांचे मोबाइल होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी टेम्पो आला. चार कामगार आणि सिमेंटचं जाड झाकण, भंगारात कोणी घेणार नाही असं. तासाभरात बसलं. मी कामगारांना सरबत दिलं, फोटो काढला, यावेळी चार हात लांबून, आणि रुतिकाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "काका, दीड वर्ष झालं मी इथे बसते. काम झालं म्हणून कोणी फोन केल्याचं मला आठवत नाही." मावशीने माझ्या हातून मोबाइल घेतला आणि तिला रविवारी यायचं फर्मान सोडलं.

आणि ती आली. आम्हाला काय वाटलं होतं कोण जाणे, पण सगळी सोसायटी खाली जमली होती, आणि रिक्षातून उतरली ती चोवीस-पंचवीस वर्षांची, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली, गांगरलेली मुलगी. तुळशीरामबाबा प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन खुर्चीवर बसले होते. तिने वाकून नमस्कार केला. बाबांनी बऱ्या हाताने तिचा चेहरा चाचपला, कपाळ, गाल, हनुवटी. "बारकी हाय गो," ते मावशीला म्हणाले.

तिने विचारलं, "कुठलं ते?" मी झाकण दाखवलं. ती त्याच्यावर जाऊन उभी राहिली. खाली बघत म्हणाली, "रोज किती झाकणं लिहिते मी. बसलेलं आज पहिल्यांदा बघतेय." आणि चपलेने त्याच्यावर दोनदा पाय आपटून बघितला.

सेक्रेटरी म्हणून मी आभाराचं भाषण लिहून आणलं होतं. दीड पान, मुद्देसूद. खिशातून काढलं, चष्मा लावला. समोर ती मुलगी, तिच्या मागे बाबा, मावशी, मालतीबाई, हात पुसत उभे असलेले अण्णा, ड्यूटीवर जायची थांबलेली संघप्रिया. पहिली ओळ 'सन्माननीय' या शब्दाने सुरू होत होती. तो शब्द मला उच्चारताच येईना. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. सगळे वाट बघत होते.

शेवटी मी कागद खिशात घातला आणि एवढंच म्हणालो, "बाळ, जेवून जा."

ती जेवून गेली.